सशाच्या भीतीची सोय

एका जंगलात, मुलांनो, सगळेच शूर होते. तसा तिथला नियमच होता.

सिंह शूर होता, कारण तो राजा होता. रानगवा शूर होता, कारण तो सेनापती होता. हत्ती दिवाण होता, आणि एवढं मोठं अंग घेऊन भित्रं असणं बरं दिसत नाही, म्हणून तोही शूर होता. बाकीचे शूर होते, कारण हे तिघे आपल्याकडे बघत असतील असं त्यांना सारखं वाटायचं.

घाबरायची परवानगी फक्त पाळीव प्राण्यांना होती.

जंगलात पाळीव प्राणी कुठून आले, असं तुम्ही विचारणार. मधेमधे बोलू नका, सांगतोच आहे. जंगलाच्या कडेला एक गाव होतं. तिथली माणसं कुत्री पाळायची, मांजरं पाळायची, पोपट पाळायची. ते बघून जंगलातल्या मोठ्या जनावरांना वाटलं की आपल्याकडेही काहीतरी पाळलेलं असावं. घराला शोभा येते. हत्तीने मुंगूस पाळलं. गव्याने खार पाळली. आणि गोदाक्का नावाच्या अस्वलिणीने एक ससा पाळला. त्याचं नाव भुरक्या.

खरं सांगायचं तर गोदाक्काने त्याला पाळला नव्हता. वणव्यानंतर काळ्या पडलेल्या गवतात तो एवढासा सापडला. तिने उचलून आणला आणि मग तो तिच्याच काखेत झोपायला लागला. अंधार पडला की तो बांबूचे कोंब कुरतडत बसायचा. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. तो आवाज आला की गोदाक्काला झोप लागायची. शेजारी विचारायचे, "ससा पाळलाय वाटतं?" तीही म्हणायची, "व्हय, पाळलाय." एवढं सगळं कोण समजावून सांगणार?

आता त्या जंगलात एक मोठा सण होता. गर्जना-जयंती. सध्याच्या महाराजांच्या पणजोबांनी म्हणे एकदा अशी गर्जना केली की शेजारच्या जंगलातला वाघ पळून गेला. ती गर्जना प्रत्यक्ष ऐकलेलं कोणीच आता हयात नव्हतं. त्यामुळे ती दरवर्षी थोडी थोडी मोठी होत चालली होती.

तिची आठवण म्हणून बांबूचे बार काढायचे. हिरवा बांबू जाळात टाकला की पेऱ्यात कोंडलेली हवा तापते, फुगते आणि पेरं फाट्‌कन फुटतं. पूर्वी म्हणे दोन-चार बांबूंवर भागायचं. मग एका वर्षी गवा म्हणाला, "एवढीच का आपली निष्ठा?" आणि त्याने मोठा भारा आणला. पुढच्या वर्षी हत्तीने त्याहून मोठा आणला. त्यानंतर ज्याचा भारा लहान, त्याच्याकडे सगळे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागले. बार काढायचा मान केरबा वानराकडे होता. त्याच्या बापाकडे होता, म्हणून त्याच्याकडे आला. त्याला विचारलं कोणीच नव्हतं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी जंगल कसं असायचं, ते मात्र कोणी सांगत नसे. घरट्यांतली अंडी खाली फुटलेली असायची. पाडसं वाट फुटेल तिकडे पळालेली असायची आणि हरिणी हाका मारत हिंडायच्या. काही पाडसं सापडायची. काहींच्या आया पावसाळ्यापर्यंत हाका मारायच्या. हे सांगताना मला राग येतो. पण तुम्ही लहान आहात, म्हणून पुढे जातो.

मागच्या जयंतीला पहिला बार फुटला आणि भुरक्या गोदाक्काच्या काखेतून निसटला. ओढा ओलांडून, डोंगर चढून तो कुठेतरी गेला. गोदाक्काने सगळं रान पालथं घातलं. शेवटी एका पडक्या वारुळात तो मिळाला, तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि भीतीने त्याला काही दिसत नव्हतं. कितीतरी दिवस त्याने तोंडात काही घेतलं नाही. संध्याकाळचं कुरतडणंही बंद झालं.

गोदाक्का त्याला घेऊन साळिंदरशास्त्र्यांकडे गेली. हे शास्त्रीबुवा जंगलातले नामांकित वैद्य. त्यांनी भुरक्याच्या छातीला कान लावला आणि मान हलवली.

"काय वो शास्त्रीबुवा?" गोदाक्काने विचारलं. "लेकराची छाती अशी का उडतीया?"

"भीती बसली आहे," शास्त्री म्हणाले. "काळीज नाजूक झालंय. आणखी एक जयंती अशीच गेली, तर याला झेपणार नाही."

गोदाक्काने भुरक्याला परत काखेत घेतलं. मग हळूच म्हणाली, "म्या काय म्हन्ते, बार जरा कमी केलं तर?"

शास्त्र्यांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणला.

"गोदाक्का, तुम्ही चांगल्या घरच्या आहात. असं बोलू नका. बार ही प्रथा आहे. बारांवर आपल्याला काही काम करता येत नाही. आपण सशावर काम करू."

आणि त्यांनी शिबिर काढलं. पाळीव प्राण्यांसाठी भयमुक्ती शिबिर.

मुलांनो, त्या शिबिराला केवढी गर्दी झाली म्हणून सांगू. ज्यांनी कधी काही पाळलं नव्हतं, त्यांनीही घाईघाईने काहीतरी पाळलं. रानडुकराने गांडूळ आणलं. तरसाने एक गोगलगाय आणली आणि म्हणाला, ही फार हळवी आहे. हत्ती मुंगूस घेऊन आला, गवा खार घेऊन आला. प्रत्येकजण येताना सांगत होता, "मला काही होत नाही हो. याच्यासाठी आलोय."

शास्त्र्यांनी उपाय सांगायला सुरुवात केली. सणाच्या दिवशी प्राण्याला सकाळीच भरपूर पळवावं, म्हणजे तो दमून झोपतो. गोदाक्काने भुरक्याला पळवलं. तो जागच्या जागी होता तसाच राहिला आणि धापा टाकून ती झोपली. मग शास्त्री म्हणाले, अंगाला वेली घट्ट गुंडाळाव्यात, धीर येतो. भुरक्या वेलींतून निसटला आणि गव्याने त्या हळूच स्वतःच्या पोटाला गुंडाळून घेतल्या. खारीला सवय व्हावी म्हणून आधी आपण घालून बघतोय, असं तो म्हणाला.

"सगळ्यांत उत्तम म्हणजे मिठी," शास्त्री म्हणाले. "प्राण्याला छातीशी घट्ट धरावं. या, मी करून दाखवतो."

साळिंदराच्या मिठीत जायला कोणी पुढे आलं नाही. तो धडा शास्त्र्यांनी तोंडीच शिकवला.

शेवटचा उपाय सवयीचा होता. शास्त्र्यांनी एक साळुंकी बोलावली होती. ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. रोज थोडा थोडा मोठा असा बारांचा आवाज काढायचा, म्हणजे प्राण्यांची भीती आपोआप मोडते, अशी ती पद्धत. साळुंकीने गळा साफ केला आणि अगदी बारीक, चिंचोका फुटावा एवढा आवाज काढला. फट्.

हत्तीचे चारही पाय एकदम वाकले. गवा झाडामागे होता. तरस कुठे गेला ते कळलं नाही, त्याची गोगलगाय मात्र होती तिथेच होती.

"माझं मुंगूस," हत्ती घाम पुसत म्हणाला. "फार घाबरतं हो बिचारं."

मुंगूस त्याच्या पाठीवर उताणं झोपलं होतं.

गोदाक्काच्याही काळजात धस्स झालं होतं. पण ती ते बोलली नाही. तिने भुरक्याकडे बघितलं. त्याने कान पाठीला चिकटवले होते आणि तो श्वास घ्यायचा विसरला होता. तिने त्याला चोळलं, फुंकर घातली, तेव्हा तो परत श्वास घ्यायला लागला. बाकी सगळ्यांची भीती धस्स होऊन संपत होती, याची जिवावर बेतणारी होती, आणि शिबिरात त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

शिबिराची बातमी महाराजांपर्यंत गेली. महाराजांनी शास्त्र्यांना गुहेत बोलावून घेतलं आणि सगळ्या सेवकांना बाहेर जायला सांगितलं.

"शास्त्री," महाराज म्हणाले, "आमच्याकडेही एक पाळीव प्राणी आहे. तो फार घाबरतो. बार सुरू झाले की त्याच्या पोटात गोळा येतो. पाय गार पडतात. आयाळ ओली होते."

"कोणता प्राणी, महाराज?"

महाराजांनी ते अजून ठरवलं नव्हतं. "कासव," ते म्हणाले.

कासवाला आयाळ नसते हे शास्त्र्यांना माहीत होतं. पण ते राजवैद्य व्हायच्या बेतात होते, म्हणून त्यांनी ती बारीकशी गोष्ट सोडून दिली. त्याच दिवशी ओढ्यातून एक कासव धरून आणलं आणि महाराजांनी ते पाळलं. निवड चांगली होती. कासव कवचात असलं की आत काय वाटतंय ते कोणाला विचारता येत नाही.

मग दरबार भरला आणि महाराजांनी घोषणा केली.

"आमच्या राज्यातल्या मुक्या जिवांचे हाल आम्हाला बघवत नाहीत. जयंतीच्या दिवशी पाळीव प्राण्यांसाठी टेकडीखालची मोठी गुहा मोकळी केली जाईल. तिथे अंधार असेल, शांतता असेल. कानांत घालायला सावरीचा कापूस असेल."

"आणि मालकांनी सोबत असावं," शास्त्री घाईने म्हणाले. "जवळ आपलं माणूस असलं की प्राण्यांना धीर येतो."

"अर्थातच," महाराज म्हणाले. "आम्ही स्वतः आमच्या कासवाजवळ बसू."

दरबाराने शेपट्या आपटल्या. किती मोठं मन, असं सगळे म्हणाले. बार बंद करायचं मात्र कोणी म्हणालं नाही. उलट, आता प्राण्यांची सोय झालीच आहे तर यंदा भारे जरा मोठे आणू, असं गव्याने सुचवलं आणि ते लगेच मान्य झालं.

जयंतीची संध्याकाळ आली. मैदानात बांबूंचा ढीग झाडाएवढा उंच लागला होता. केरबाने ढिगाशेजारी जाळ पेटवला. इकडे गुहेपाशी लोटालोट सुरू झाली.

आधी महाराज आत गेले. त्यांच्यामागे गवा. मग रानडुकरं, तरस, कोल्हे, लांडगे. सगळे ओरडत होते, "सरका, सरका, लहान जीव आहे सोबत." त्या रेट्यात गोदाक्का पार आतल्या भिंतीपर्यंत ढकलली गेली. भुरक्या तिच्या हातातून केव्हा सुटला ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा तिने मागे वळायचा प्रयत्न केला. पण हत्ती शेवटी आला होता. तो पाठमोरा आत शिरला, मग विचार बदलून तोंड आत करून शिरला, आणि गुहेचं तोंड बंद झालं. मुंगूस त्याच्या पाठीवरून घसरून बाहेरच पडलं. खार बाहेर होती. कासव बाहेर होतं. ते तर कोणी आत न्यायला उचललंच नव्हतं.

"माझा भुरक्या भाईर ऱ्हायलाय," गोदाक्का ओरडली. "वाट द्या."

पण सगळ्यांच्या कानांत कापूस होता.

भुरक्या गुहेच्या तोंडाशी हत्तीच्या पायांवर धडका देत होता. तेवढ्यात पहिला बार फुटला.

मुलांनो, ससा ओरडत नाही. जन्मभर गप्प असतो. त्या दिवशी तो ओरडला. एकदाच. मग तो पळत सुटला. कुठे ते त्याला माहीत नव्हतं. भीतीला दिशा नसते, आणि तो ज्याच्यापासून पळत होता नेमका त्याच्याकडेच पळाला. मैदान ओलांडून तो जाळाशेजारच्या खडकामागे जाऊन आदळला. मऊ लागलं, म्हणून त्याने डोळे उघडले.

खडकामागे केरबा वानर बसला होता. त्याने दोन्ही हातांनी कान झाकले होते, शेपूट डोळ्यांवर घेतली होती आणि तो थरथर कापत होता.

"केरबाकाका?" भुरक्या म्हणाला.

केरबाने शेपटीआडून बघितलं. "आरं, तू हितं कसा? तुमची सोय केलीया न्हवं गुहेत?"

"गुहा भरली."

"कुनी भरली?"

"आमची काळजी घेनाऱ्यांनी."

केरबाने भुरक्याला जवळ ओढून घेतलं. भुरक्याची छाती केवढ्याने उडत होती ते त्याच्या हाताला लागलं. दुसरा बांबू जाळाच्या कडेला तापत होता. केरबा पटकन उठला आणि त्याने तो काठीने बाहेर ओढला. बार काढायचा मान त्याच्या घराण्यात आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

"काका, तुमीबी घाबरता?"

"पयल्यापास्नं. माझा बापबी घाबरायचा. पन त्यो मान हाय बाबा, सोडता येत न्हाई."

भुरक्याने थोडा श्वास घेतला. "काका, ऐकतंय कोन?"

"म्हंजी?"

"बार कोन ऐकतंय?"

केरबा झाडावर चढला. त्याने चारी बाजूंना बघितलं. मैदान मोकळं होतं. महाराजांच्या आसनावर एक पान पडलं होतं. लांब टेकडीखाली हत्तीचा मागचा भाग दिसत होता, तोही थरथरत होता. जिकडे तिकडे शुकशुकाट होता.

"कुनीच न्हाई," तो खाली येऊन म्हणाला. त्याला ते स्वतःलाच खरं वाटेना. "मंग म्या हे कुनासाठी वाजवतूया?"

पण सगळे बांबू तसेच राहिले तर उद्या काय सांगणार? बांबू तर जळायलाच हवेत, राख तर दिसायलाच हवी. केरबा डोकं खाजवत बसला. तेव्हा भुरक्याने जवळच्या बांबूचं कोवळं पेरं पुढ्यात घेतलं आणि सवयीने कुरतडायला सुरुवात केली. विचारात पडलं की कोणी डोकं खाजवतं, कोणी नखं खातं. तो बांबू कुरतडायचा. पेऱ्याला भोक पडलं. केरबाने ते पेरं जपून, लांबूनच जाळात टाकलं आणि कान झाकले.

फुस्स.

बस, एवढंच. कोंडलेली हवा भोकातून निघून गेली आणि बांबू गुमान जळून गेला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग केरबाने एक धोंडा घेतला. जाड बांबू त्याने ठेचून चिरायचे, कोवळी पेरी भुरक्याने कुरतडायची. आवाज ऐकून खार आली, मुंगूस आलं, त्यांनीही दात लावले. कासव जाळाजवळ येऊन बसलं आणि त्याने मान बाहेर काढली. धरून आणल्यापासून त्याची मान कोणी बघितली नव्हती. केरबाने निखाऱ्यांत करांद्याचे कंद भाजायला घातले. एवढी छान संध्याकाळ त्या जंगलात कितीतरी वर्षांनी झाली होती.

आणि गुहेत?

गुहेत सगळे डोळे मिटून, कानांत बोळे घालून पुढच्या बाराची वाट बघत होते. वाट बघणं बारापेक्षा वाईट असतं. गव्याच्या अंगावर शहारा आला. त्याला चिकटलेल्या रानडुकराला वाटलं, फुटला वाटतं. ते दचकलं. त्याच्या दचकण्याने लांडगा दचकला, लांडग्यामुळे हत्ती हलला, हत्तीमुळे गुहेची भिंत हलली, आणि महाराज मनात म्हणाले, बाप रे, यंदा बार फार मोठे आहेत. मग महाराजांना कापरं भरलं आणि ते परत गव्यापर्यंत गेलं. असं रात्र पडेपर्यंत चालू होतं.

फक्त गोदाक्काने कानांतला कापूस काढून टाकला होता. तिने पहिला बार ऐकला होता. सशाची ती किंकाळी ऐकली होती. आणि त्यानंतर काहीच नाही. बारही नाही, भुरक्याही नाही. संपलं, असं तिला वाटलं. लेकरू गेलं, आणि आपण त्याच्या नावाने आत येऊन बसलोय. तिने भिंतीला डोकं टेकलं. तिला रडायचं होतं, पण त्या गर्दीत तेवढी जागाही नव्हती.

मग खूप वेळाने हत्तीच्या पायांमधून वाऱ्याबरोबर एक बारीक आवाज आत आला. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.

गोदाक्काने डोकं वर केलं. पाठोपाठ भाजलेल्या करांद्यांचा वासही आला. अस्वलाचं नाक, मुलांनो, फसत नाही. ती सगळं समजली. तिने कापूस उचलला, झाडून परत कानात घातला आणि बाकीच्यांसारखीच थरथरायला लागली. हसू आलं की अंग तसंही थरथरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. मैदानात राखेचा हा मोठा ढीग होता.

"कशी झाली यंदाची जयंती?" महाराजांनी विचारलं.

"कानठळ्या बसल्या, महाराज," गवा म्हणाला. "मला नाही. खारीला."

"डोंगर हलत होता," हत्ती म्हणाला. "मुंगसाने सांगितलं."

केरबाला मानाचं पान मिळालं. त्याने ते खाली मान घालून घेतलं. तेवढ्यात साळिंदरशास्त्र्यांचं लक्ष भुरक्याकडे गेलं. तो गोदाक्काजवळ बसून गवत खात होता. कान उभे, डोळे स्वच्छ, छाती शांत.

"महाराज," शास्त्री उभे राहिले. त्यांचे काटे आनंदाने फुलले आणि शेजारचे बाजूला सरकले. "हा ससा काल गर्दीमुळे बाहेर राहिला होता. एवढ्या बारांत एकटा. आणि बघा, ठणठणीत आहे. ही माझी सवयीची पद्धत."

"काय रे," महाराजांनी भुरक्याला विचारलं, "घाबरला नाहीस?"

भुरक्या कधी खोटं बोलत नसे. "पयल्या बाराला घाबरलो, महाराज. मंग एकदाबी दचकलो न्हाई."

दरबारात कौतुकाची कुजबुज झाली. शास्त्र्यांना राहवेना. यश डोक्यात गेलं की माणूस एक वाक्य जास्त बोलतो, साळिंदरही बोलतं.

"याचा अर्थ, महाराज, भीती जिंकता येते हे सिद्ध झालं. पुढच्या वर्षी सगळे प्राणी मैदानात बसू शकतील. आता गुहेची गरजच नाही."

दरबारातल्या सगळ्या शेपट्या खाली गेल्या.

महाराजांच्या आयाळीतून घामाचा एक थेंब खाली पडला. गवा खोकला. हत्तीने सोंड तोंडात घातली. गुहा पाहिजे, असं कोण म्हणणार? शूर जनावर गुहा कशाला मागेल? सगळे एकमेकांकडे बघत होते. शास्त्र्यांना आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही.

आणि केरबाचा चेहरा उतरला होता. सगळे मैदानात बसले, तर बार खरोखर काढावे लागणार होते. भुरक्याच्या तोंडातलं गवत तसंच राहिलं. त्याची छाती परत उडायला लागली.

तेव्हा गोदाक्का उठली.

"महाराज, शास्त्रीबुवा शिकल्यालं हाईत, पन पोर माझ्या काखेत निजतं. त्याचं भ्या गेल्यालं न्हाई. सकाळपास्नं दाबून धरलंय त्यानं. तुमच्याम्होरं बोलायला लाजतंय."

"असं?" महाराज पुढे वाकले. त्यांच्या आवाजात केवढी आशा होती.

गोदाक्काने खाली भुरक्याकडे बघितलं आणि एक डोळा हळूच मिटला. वरून त्याच वेळी एक पिकलं उंबर टपकन पडलं. भुरक्या हवेत उडाला, दोन कोलांट्या खाऊन गोदाक्काच्या पायांमागे गेला आणि तिथे त्याने असं काही थरथरून दाखवलं की केरबालासुद्धा क्षणभर खरं वाटलं.

अख्ख्या दरबाराने सुटकेचा श्वास सोडला.

"बिचारा," महाराज म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. "एका उंबराला एवढा घाबरतो. याच्यासाठी गुहा कायम राहील."

"आणि रुंद करू," हत्ती म्हणाला. "सशासाठी."

"आणि खोल," गवा म्हणाला. "सशासाठीच."

"तुला आणखी काही हवं का, बाळ?" महाराजांनी विचारलं.

भुरक्याने गोदाक्काच्या पायांमागून तोंड बाहेर काढलं.

"महाराज, गुहेला एक दार बशिवलं तर लई बरं हुईल. जाड. आतनं लावायचं. आन सगळी मोठी मान्सं आत जाऊन दार लागल्याबिगर पयला बार काढू नये."

महाराजांना गहिवरून आलं. एवढासा जीव, पण किती पोच, असं ते नंतर कितीतरी दिवस सांगत होते.

तेव्हापासून त्या जंगलात गर्जना-जयंती फार थाटात होते. भारे दरवर्षी मोठे येतात. सगळे शूर आपापल्या प्राण्यांच्या काळजीने गुहेत जातात आणि दार लावून घेतात. प्राणी बाहेर करांदे खातात. गोदाक्का मात्र आत जात नाही. दुसऱ्यांना जागा व्हावी म्हणून ती बाहेर थांबते, आणि जंगलातली सगळ्यांत शूर म्हणून महाराज दरवर्षी तिचा सत्कार करतात. हरिणी हल्ली जयंतीनंतर हाका मारत हिंडत नाहीत. साळिंदरशास्त्री राजवैद्य झाले आणि याचं श्रेय ते आपल्या पद्धतीला देतात. देऊ दे त्यांना.

तात्पर्य : आपल्या पाळीव प्राण्याला फटाक्यांची भीती वाटत असेल, तर सणाच्या दिवशी मालकाला एका शांत, अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवावे. त्याच्या कानांत कापूस घालावा, त्याच्याशी प्रेमाने बोलावे आणि दार नीट लावून घ्यावे. प्राण्याला लगेच आराम पडतो.